उत्तर: जुन्या गाड्यांना रोड टॅक्स माफ करावा का?

ब्रिटनमध्ये ४० वर्षं उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ आहे, मग इथं का नाही, असं वर विचारलंय. विरोध नाही. पण आमच्या यवतमाळकडे जुनी गाडी म्हणजे हौस नव्हे. १५ वर्षं झालेली हिरो होंडा फवारणीचा पंप, युरियाचं पोतं, पोरांची शाळा, सगळं ओढते. तिच्या फेरनोंदणीची फी २०२२ मध्ये ३०० वरून १,००० झाली, पर्यावरण कर वेगळाच. विंटेजसाठी अट ५० वर्षांची, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, अन् गाडी रोज फिरवायची नाही. हौशी माणूस भरेल. आमचं काय? रस्ता उखडतात ते रेतीचे टिप्पर राजेहो, कर वजनावर वाढवा ना!