४के मॉनिटर घेऊन बसलोय, आता ग्राफिक्स कार्ड बदलू की गेमची सेटिंग? मदत हवी आहे

मंडळी, दिवाळीत हौसेने २७ इंची ४के मॉनिटर घेतला आणि आता डोक्याला हात लावून बसलोय. पीसीत रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, म्हणजे व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) फक्त ८ जीबी. १०८०पी (फुल एचडी) ला सगळं मख्खन चालायचं, पण ४के म्हणजे चौपट पिक्सेल हे पैसे देऊन झाल्यावर कळलं 😅

सायबरपंक २०७७ गेममध्ये गाडी वळवली की अर्धा सेकंद गचका बसतो, तेव्हा व्हीरॅम काठोकाठ भरलेली दिसते. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचं चित्र) हाय वरून मीडियम केलं, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरे वाटणारे इफेक्ट) बंद केलं तर गचके बरेच कमी झाले. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) क्वालिटीवर ठेवलंय, म्हणजे आतून १४४०पी च रेंडर होतं ना, मग ४के चा उपयोग काय असं बायको विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही.

दुकानदार म्हणतो थेट आरटीएक्स ४०७० कार्ड घे, पण त्यातही १२ जीबीच. मला १६ जीबीवालं एएमडीचं ७८०० एक्सटी बरं वाटतंय, पण डीएलएसएस जाईल आणि पीएसयू (पीसीला वीज देणारा पॉवर सप्लाय) ५५० वॅटचा आहे, तोही बदलावा लागेल ना? ४के वर ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) पुरे आहेत मला. शॅडो, रिफ्लेक्शन यातलं आधी काय कमी करू? कोणी वापरत असेल तर सांगा प्लीज.