मदत हवी आहे: इंदूर सोडून मुंबईला जाणं खरंच परवडतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही सुदामानगरचे, दोन पिढ्या इंदुरातच. यजमानांना मुंबईत गोरेगावला नोकरी मिळतेय, पगार साधारण दीडपट. ऐकायला छान वाटतं, पण हिशोब मांडला की पोटात गोळा येतो.

इथे दोन बेडरूमच्या घराला चौदा हजार भाडं देतो. तिथे एका बेडरूमचे चाळीस सांगतात, वर काही महिन्यांचं डिपॉझिट, दलालाचं एक भाडं, आणि ११ महिन्यांनी करार नव्याने. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याच्या सवलतीची मर्यादा मुंबईत मूळ पगाराच्या ५० टक्के आहे, इंदुरात ४०. पण तेवढ्याने काय भागणार? विरार किंवा बदलापूरला भाडं उतरतं, मग लोकलची गर्दी.

समुद्राचं कौतुक मला आहेच, नाही कशाला म्हणू. पण सासूबाईंना दमा आहे. सांताक्रूझला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे त्याच्या निम्माही नाही. ती ओल त्यांना सोसेल का? त्या अजून ‘सराफ्यातली (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली) जिलबी तिथे मिळते का’ एवढंच विचारतायत!

दुसरा विचार असा, की यजमानांनी एकट्याने जावं आणि अवंतिका एक्स्प्रेसने (इंदूर-मुंबई गाडी) येऊन-जाऊन राहावं. ती बोरिवलीला थांबते, तेवढी सोय आहे.

इथून जे मुंबईला गेलेत, त्यांनी कृपया सांगा: महिन्याकाठी हातात खरंच काही उरतं का? आणि दम्याचं माणूस घरात असेल तर कुठला भाग, कितवा मजला बघावा?