निर्दोष सुटलेल्याच्या पडताळणीत जुना गुन्हा कशाला?

कट्टेकर (धागाकर्ता)

नोकरीच्या वेळची चारित्र्य पडताळणी हा विषय आपल्याकडे दोनदाच निघतो. कुठेतरी भयंकर काही घडलं की, नाहीतर आपल्याच घरातल्या कोणाचं अडलं की. माझं दुसरं कारण.

भाच्याची एका सरकारी खात्यात लिपिक म्हणून निवड झाली. कॉलेजात असताना विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांची जुंपली होती, त्या फिर्यादीत याचंही नाव. कलमं मारामारी-शिवीगाळीची नेहमीचीच, ३२४, ३२३, ५०४, ३४. पुढे खटल्यात फिर्यादी आणि साक्षीदार फितूर झाले आणि सगळे निर्दोष सुटले. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीसाठी उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात, पठ्ठ्याने सगळं खरं लिहिलं, निकालाची प्रमाणित प्रत जोडली. तरी पोलिसांच्या अहवालात 'गुन्हा दाखल होता' अशी ओळ आली आणि फाइल तिथेच बसली आहे. बरोबर निवड झालेली मुलं रुजूही झाली.

माझं म्हणणं सरळ आहे. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र जाणं आणि शिक्षा होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे तिन्ही एकाच रकान्यात कोंबतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांतले ७५.८ टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. ज्या देशात माणूस आधी आत जातो आणि निकाल मागाहून येतो, तिथे 'दाखल होता' एवढ्यावर पोटावर पाय द्यायचा? पडताळणीत शिक्षा दिसावी, गंभीर गुन्ह्याचा चालू खटला दिसावा. बाकी काही दिसू नये.

रोखठोक_राव

आठ जणांची नावं फिर्यादीत उगाच येत नाहीत. आणि साक्षीदार फितूर झाले म्हणजे मारामारी झालीच नाही, असं कुठे सिद्ध झालं? साक्षीदार कसे फितूर होतात ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. सरकारी नोकरी हा हक्क नाही. शंभर स्वच्छ उमेदवार रांगेत उभे असताना खात्याने डाग असलेला का घ्यावा?

कट्टेकर

राव, 'डाग' तुम्ही आधीच ठरवून टाकलात. आठ हा आकडाही तुमचाच, मी लिहिला नव्हता. फिर्यादीत नावं कशी येतात तेही गावाकडच्या माणसाला सांगायला नको. बांधावरून भांडण झालं तर फिर्यादीत अख्खं घर येतं, पुण्याला शिकणारा मुलगासुद्धा. खोट्या फिर्यादी होतात म्हणूनच तर पोलिसांकडे 'ब समरी' नावाचा प्रकार आहे.

काळा_कोट

फौजदारी वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दोन्ही बाजूंना आवडणार नाही.

समरीबद्दल आधी. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस तीन प्रकारचे अहवाल देतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ब समरी म्हणजे फिर्याद खोटी, खोडसाळपणे दिलेली. क समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. नोकरी देणाऱ्या कारकुनाला हा फरक बहुधा माहीत नसतो, त्याला फक्त गुन्हा रजिस्टर नंबर दिसतो. कट्टेकरांचा राग तिथे रास्त आहे.

पण निर्दोष सुटलं की प्रश्न संपला, हे कायद्यात खरं नाही. दिल्ली पोलीस विरुद्ध मेहर सिंग, २०१३. मारामारीचा खटला, तडजोड झाली, साक्षीदार फिरले, आरोपी सुटला. सर्वोच्च न्यायालयाने नियुक्ती नाकारणाऱ्या खात्याची बाजू उचलून धरली. पुराव्यांची छाननी होऊन निर्दोष ठरणं वेगळं आणि साक्षीदार फिरल्याने सुटणं वेगळं. उलट बाजूला २०११ चा संदीप कुमारचा निकाल आहे. खातं तेच, दिल्ली पोलीस. तिथे न्यायालय म्हणालं की विशीतल्या पोराच्या हातून आगळीक होते, ती आयुष्यभर उगाळू नये.

या दोन टोकांच्या मध्ये २०१६ चा तीन न्यायमूर्तींचा अवतार सिंग निकाल आहे. त्याचं सार: माहिती खरी द्या. क्षुल्लक प्रकरण असेल, तरुणपणी घोषणा दिल्यासारखं, तर लपवल्याबद्दलही मालक माफ करू शकतो. गंभीर गुन्हा लपवला तर नोकरी जाऊ शकते. आणि सगळं खरं सांगितलं, प्रकरण निकाली निघालं, तरी पूर्वचारित्र्य पाहून निर्णय घ्यायचा अधिकार मालकाकडे राहतो. फक्त तो निर्णय डोकं वापरून, पद आणि गुन्ह्याचं स्वरूप बघून घ्यायचा. २०२२ च्या पवन कुमार प्रकरणात, रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाई होता, न्यायालयाने पुन्हा बजावलं की माहिती दडवली म्हणून यांत्रिकपणे काढून टाकता येणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी बहुतेक जण गुन्ह्यामुळे बुडत नाहीत. ज्या रकान्यात 'होय' लिहायचं तिथे 'निरंक' लिहिल्यामुळे बुडतात. आणि तसं लिहायचा सल्ला नेहमी कुठल्या तरी मामाने किंवा झेरॉक्सवाल्याने दिलेला असतो.

बालवाडीची_बाई

मी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. वरचं सगळं वाचलं. आता माझ्या खुर्चीत बसून बघा.

बदलापूरचं प्रकरण २०२४ च्या ऑगस्टमधलं. त्यानंतर शासनाने शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करून घ्या म्हणून सांगितलं, कंत्राटी धरून. म्हणजे सफाईवाला, बसचा चालक, मदतनीस, सगळे. आता कट्टेकरांच्या नियमाने मला फक्त शिक्षा झालेली दिसणार. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात आरोपी घरातला किंवा ओळखीचा असतो, आई साक्ष फिरवते, मूल कोर्टात गप्प बसतं. सुटला. असा माणूस उद्या माझ्याकडे मदतनीस म्हणून आला तर दाखला कोरा! नको मला तो कोरा दाखला.

केंद्राने २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सुरू केली, तीही फक्त पोलिसांना दिसते. शाळेला नाही.

रोखठोक_राव

बाईंना शंभर टक्के अनुमोदन.

टेम्सकाठचा

बाई, तुमची भीती किती खरी आहे त्याचं इंग्लंडमधलं उदाहरण देतो. २००२ साली सोहम नावाच्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली शाळेत केअरटेकर होता. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात अल्पवयीन मुलींशी संबंध, बलात्कार असे आरोप झालेले होते, शिक्षा मात्र एकाही आरोपात नाही. नोकरीच्या वेळी ती माहिती शाळेपर्यंत पोचलीच नाही. बिचर्ड चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला आणि इथली सगळी यंत्रणा बदलली.

पण राव, अनुमोदन देण्याआधी पुढचं वाचा. इथे सगळ्यांसाठी एकच चाळण नाही. दुकानात, कचेरीत काम करणाऱ्याची 'बेसिक' तपासणी, तीत फक्त मुदत न संपलेल्या शिक्षा दिसतात. मुलांबरोबर, आजारी किंवा परावलंबी माणसांबरोबर काम असेल तर 'एन्हान्स्ड'. तीत स्थानिक पोलीस त्यांना संबंधित वाटणारी, शिक्षेपर्यंत न पोचलेली माहितीही देऊ शकतात. वर अशा कामांना बंदी घातलेल्यांची वेगळी यादी आहे, तीही तपासता येते. आणि मालकाला वाटलं म्हणून कारकुनाची एन्हान्स्ड तपासणी मागवता येत नाही, ते पद कायद्याने त्या यादीत असावं लागतं.

दुसरी गोष्ट मुदतीची. १९७४ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक काळ सरळ वागलात की शिक्षा 'स्पेंट', म्हणजे बेसिक तपासणीत दिसत नाही आणि साध्या नोकरीत विचारलं तरी सांगायची गरज नाही. सध्या एक ते चार वर्षांची कैद झाली असेल तर शिक्षा संपल्यावर चार वर्षांनी ती स्पेंट होते. आपल्याकडे मुदत नावाची गोष्टच नाही. विशीतली मारामारी साठीतही तितकीच ताजी!

पोहेवाला

लिपिकाला साक्षांकन नमुना. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ खासदारांवर फौजदारी खटले, हे त्यांनी स्वतःच प्रतिज्ञापत्रात लिहिलेलं. त्यांची फाइल कुठे अडकत नाही. चालू द्या.

काळा_कोट

पोहेवाले, टाळी मिळेल, पण मुद्दा उलटा पडतो. खासदारांच्या बाबतीत कट्टेकर म्हणतात तोच नियम आहे: खटला चालू असेल तर चालतो, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की अपात्र. तुम्हाला तो खासदारांसाठी चीड आणतो आणि भाच्यासाठी हवा आहे का, हे आधी ठरवा.

पोहेवाला

मला दोघांसाठी एकच नियम हवा आहे. कुठलाही. पण एक.

एचआर_मधली

सगळी चर्चा सरकारी नोकरीवर चालली आहे, म्हणून खासगीतली आतली बाजू सांगते. कंपनीला पोलिसांच्या नोंदी बघता येत नाहीत. आम्ही एकतर उमेदवाराला पोलिसांचा दाखला आणायला सांगतो किंवा काम एजन्सीला देतो. एजन्सी बहुतेक वेळा ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या खटल्यांच्या संकेतस्थळावर, नाव टाकून शोधते. झालं.

आता 'संतोष पाटील' टाकून बघा. निकालात नावं येतात, वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं, पत्ता अर्धवट. त्यावरून एजन्सी अहवालात रंग देते: हिरवा म्हणजे स्वच्छ, लाल म्हणजे सापडलं, पिवळा म्हणजे 'असू शकतो'. या पिवळ्याने किती जणांचा घात होतो! मॅनेजरला घाई असते, तो म्हणतो पुढचा उमेदवार बघा. उमेदवाराला कळतही नाही की तो कुठल्या तरी दुसऱ्याच संतोष पाटलाच्या चेक बाउन्समुळे गेला. आणि चेक बाउन्स, पोटगी, भाडेकरूचा वाद हेही त्याच शोधात वर येतं.

अमेरिकेत १९७० पासून कायदा आहे. एजन्सीच्या अहवालावरून नकार द्यायचा असेल तर आधी अहवालाची प्रत उमेदवाराच्या हातात द्यावी लागते, म्हणजे 'हा मी नाही' असं तरी त्याला सांगता येतं. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, पण आमच्याकडे संमती म्हणजे ऑफर लेटरबरोबरच्या गठ्ठ्यातला एक कागद. न वाचता सही.

रावांसाठी: तुमचे 'शंभर स्वच्छ' म्हणजे ज्यांचं नाव दुर्मीळ आहे असे शंभर.

रोखठोक_राव

एजन्सी भिकार काम करते म्हणून पडताळणीच नको? शाळेचा निकाल चुकीचा लागतो म्हणून परीक्षा बंद करत नाहीत. यंत्रणा सुधारा. माझा मुद्दा तसाच आहे: ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याचं पूर्वचरित्र बघायचा अधिकार विश्वास ठेवणाऱ्याला आहे.

एचआर_मधली

बंद करा असं मी कुठे म्हटलं? प्रत द्या म्हणतेय. तेवढंच.

आकडेमोड

रावांच्या 'बघायचा अधिकार' वरून. किती मागचं बघायचं, यावर अभ्यास झालेला आहे. ब्लमस्टीन आणि नाकामुरा यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या १९८० साली पहिल्यांदा अटक झालेल्यांच्या नोंदी तपासल्या. प्रश्न असा, की परत अटक न होता किती वर्षं गेली की त्या माणसाचा धोका त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतका होतो? अठराव्या वर्षी जबरी चोरीत अटक झालेल्यांसाठी उत्तर आलं ७.७ वर्षं, घरफोडीसाठी ३.८. परदेशातला आणि अटकेवर आधारलेला अभ्यास आहे, इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण 'कायमचा' या शब्दाला आधार नाही एवढं तरी दिसतं.

बालवाडीची_बाई

हे सरासरीचे आकडे. माझ्या वर्गातलं मूल सरासरी नाही. लिपिकाला मुदत द्या, माझी ना नाही. शाळेच्या बसमधल्या माणसाला मुदत देणार नाही.

धुरळा

कोणी लॉकडाऊनचे गुन्हे काढले नाहीत अजून? कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडला म्हणून, लाखो लोकांवर गुन्हे. दूध आणायला गेलेली पोरं पडताळणीत 'गुन्हा दाखल' म्हणून अडकली. २०२२ मध्ये राज्य सरकारने ते मागे घ्यायचं ठरवलं, ते याच ओरडीमुळे. आंदोलनातले खटलेही अधूनमधून शासन निर्णय काढून मागे घेतले जातात. चॅप्टर केसचं तर विचारूच नका. सणाच्या आधी खबरदारी म्हणून बाँड लिहून घेतात आणि साक्षांकन नमुन्यात प्रश्न असतो, 'आपणाकडून कधी चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्यात आले होते काय?' प्रामाणिक माणूस 'होय' लिहितो आणि वर काळ्या कोटांनी सांगितलेल्या कारकुनाच्या टेबलावर जाऊन पडतो.

कट्टेकर

टेम्सकाठच्यांचा प्रतिसाद वाचून एक मान्य: बाईंच्या शाळेला आणि भाच्याच्या आवक-जावक टेबलाला एक चाळण नको. मग माझी मागणी अशी, की जास्त खोल पडताळणीची पदं कायद्याने ठरवा, बाकीच्यांना फक्त शिक्षा, तीही मुदतीत. राव, यात तुम्हाला काय खटकतं?

रोखठोक_राव

पदं कोण ठरवणार ते खटकतं. तुमचा आवक-जावक लिपिक उद्या बढतीने रेकॉर्ड रूममध्ये जाईल, परवा दाखले वाटायला बसेल. लिपिक काय कमी उपद्रव करू शकतो? खात्याला आधी कळू दे, मग ठरवू दे.

काळा_कोट

कट्टेकर, तत्त्वचर्चा चालू राहू दे, भाच्याचं बघा. निकालपत्राचा शेवट नव्हे, कारणमीमांसा नीट वाचा. भाच्याची ओळख पटलीच नाही किंवा त्याच्याविरुद्ध काहीच पुरावा नाही असं न्यायाधीशांनी म्हटलं असेल तर ते परिच्छेद अधोरेखित करून खात्याला निवेदन द्या. पोचपावती घ्या. फाइलवर कोणी काय शेरा मारला ते माहिती अधिकारात मागवा. लेखी नकार आला आणि त्यात गुन्ह्याचं स्वरूप, वय, पद यांचा विचारच नसेल, नुसतं 'गुन्हा दाखल असल्याने' एवढंच असेल, तर अवतार सिंग निकाल हाताशी आहे, मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जा. नकार येतच नसेल तर निर्णय घ्या म्हणून मॅटकडून निर्देशही मागता येतात. आणि घटनेच्या दिवशी त्याला अठरा पूर्ण होती का? नसतील तर सगळंच बदलतं. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अल्पवयातल्या प्रकरणाने अपात्रता येत नाही, २०१९ मध्ये रमेश बिश्नोई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते नोकरीलाच लावलं होतं.

कट्टेकर

अकरावीत होता की बारावीत, ताईला विचारतो. जन्मतारीख जूनची आहे, विसर्जन सप्टेंबरचं.