ओल्या लाल मिरच्या भाजून हॉट सॉस करायचाय: व्हिनेगर किती, आणि फ्रिजबाहेर टिकेल का?

रानफूल (नाशिक)

नमस्कार मंडळी. बाजारात सध्या ओल्या लाल मिरच्या इतक्या सुंदर आल्यात की भाजी घ्यायला गेले आणि किलोभर मिरच्या घेऊन आले. दरवर्षी रंजका करते, तो तर होणारच, पण यावेळी निम्म्या मिरच्या भाजून त्यांचा हॉट सॉस करायचाय. पातळ हवा, बाटलीतून थेंब थेंब पडेल असा, कारण मुलगा ऑम्लेटवर, मोमोवर, अगदी पोह्यांवर पण विकतचा चिली सॉस ओततो आणि त्यात मिरचीपेक्षा साखर आणि कॉर्नफ्लोअरच जास्त लागतं मला.

आता प्रश्न. गॅसवर भाजायच्या की तव्यावर? साल काढायची का? व्हिनेगर नेमकं किती घालायचं, कारण यूट्यूबवर प्रत्येकाचं माप वेगळं आहे, कोणी दोन चमचे सांगतं तर कोणी मिरच्या बुडतील इतकं. सासूबाईंना व्हिनेगरचा वास अजिबात चालत नाही, त्यांचं म्हणणं आहे की वरून तेल घाल, लोणच्यासारखा वर्षभर टिकेल. असं चालेल का? मला चार बाटल्या करून बहिणीकडे पण पाठवायच्यात त्यामुळे टिकण्याचं नीट कळायला हवं. ज्यांनी केलाय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

पथारीवाला (नंदुरबार)

ताई, सीझन बरोब्बर पकडलात. आमच्याकडे मार्केटला ओली लाल मिरची येते तेव्हा गावाबाहेर पथाऱ्यांवर नजर जाईल तिथपर्यंत लाल दिसतं, लिलावात घेतलेली ओली मिरची व्यापारी तिथेच वाळवतात. सॉससाठी मात्र ओलीच घ्या आणि त्यातही निवडून घ्या. देठ हिरवं, साल ताठ, दाबली की कट्कन मोडायला पाहिजे. मऊ पडलेली किंवा देठाजवळ काळा ठिपका असलेली मिरची उभी चिरून बघा, वरून लालभडक दिसते आणि आत बियांवर बुरशी असते, तसली एक जरी गेली तरी सगळ्या सॉसला कुबट वास लागतो.

नुसती तिखट मिरची घेऊ नका. तिखट जातीला गर कमी असतो, सॉस पाणचट होतो आणि जाळ तेवढा राहतो. निम्मी तिखट आणि निम्मी जाड गराची लाल मिरची असं करा, ती नाही मिळाली तर एखादी लाल ढोबळी मिरची चालते, रंग आणि गोडवा तिथून येतो. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतो, त्यामुळे कमी तिखट हवा असेल तर शीर खरवडून काढा, नुसत्या बिया झटकून फार फरक पडत नाही.

भाजायचं म्हणाल तर चूल असेल तर निखाऱ्यावर, त्याला तोड नाही. गॅसवर असेल तर पापडाची जाळी ठेवून मध्यम आचेवर. आधी प्रत्येक मिरचीला सुरीने एक बारीक चीर द्या नाहीतर आतली वाफ कोंडून फुटते आणि गरम बी डोळ्यात उडतं. सालीवर काळे फोड आले, मिरची लोळागोळा पडली की झालं, पूर्ण कोळसा करायची नाही, तो कडवटपणा नंतर कशानेच जात नाही. तव्यावर पण होतं पण तिथे भाजण्यापेक्षा वाफवल्यासारखी होते जास्त. आणि खिडक्या उघडा, लहान मुलं आणि दम्याचं कोणी असेल तर आधी बाहेर पाठवा, खाट जबरदस्त उठतो.

साल: पातळ सालीच्या मिरचीची काढूच नका, मिक्सरमध्ये जाते. जाड सालीची असेल तर भाजल्या भाजल्या पातेल्यात घालून वर झाकण ठेवा, पंधरा मिनिटांत साल सुटते, हाताने ओढून काढा. नळाखाली धुऊ मात्र नका, भाजल्याची सगळी चव पाण्यात जाते.

आंबटगोड (पुणे)

भाजण्याचं वर दादांनी इतकं छान सांगितलंय की मी फक्त टिकण्यावर लिहिते, फूड टेक्नॉलॉजी शिकलेय आणि या विषयात लोक जरा जास्तच बिनधास्त असतात म्हणून थोडं लांबण लावते.

भाजल्याने चव येते, पदार्थ टिकत नाही. मिरचीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 5 च्या आसपास असतो, लसणाचा त्याहूनही जास्त. पीएच 4.6 च्या वर असला आणि हवा लागत नसली की बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात, त्यांचं विष वासाला चवीला कळत नाही, आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. त्यामुळे सॉस 4.6 च्या बराच खाली न्यायचा. घरी करताना मी 3.5 च्या आसपास धरते म्हणजे माप थोडं इकडेतिकडे झालं तरी काळजी नाही.

माप असं: भाजलेल्या, देठं काढलेल्या मिरच्या अर्धा किलो, सालासकट भाजलेला लसूण आठ-दहा पाकळ्या (साल नंतर काढायची), व्हिनेगर पाव लिटर, मीठ 15 ग्रॅम, गूळ किंवा साखर एक चमचा, हवी असेल तर. व्हिनेगरच्या बाटलीवर अॅसिडिटी लिहिलेली असते ती वाचा, 5 टक्केवालं मिळालं तर उत्तम, 4 टक्केवालं असेल तर तीनशे मिली घ्या. पातळ करायला पाणी ओतू नका, लागलं तर व्हिनेगरच वाढवा, कारण पाण्याने सगळा हिशोब बिघडतो. लेबलवर सिंथेटिक लिहिलेलं असेल तर ते पाणी घातलेलं अॅसेटिक अॅसिड असतं, टिकवायला ते पण चालतं, पण वास उग्र. सासूबाईंना वासाचाच प्रश्न आहे तर सफरचंदाचं किंवा उसाचं ब्रूड, म्हणजे आंबवून केलेलं व्हिनेगर आणा, खूप सौम्य लागतं.

सगळं मिक्सरमधून अगदी गंधासारखं बारीक काढा, मिरच्या गार झाल्यावरच, गरम घातलं तर वाफेने झाकण उडतं. मग स्टीलच्या पातेल्यात काढून मंद आचेवर दहा मिनिटं खदखदू द्या. अॅल्युमिनियम किंवा पितळेचं पातेलं अजिबात नको, आंबट आहे. काचेच्या बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळून तयार ठेवा आणि सॉस गरम असतानाच भरा, झाकण प्लॅस्टिकचं किंवा आतून कोटिंग असलेलं घ्या, साधा पत्रा गंजतो. फ्रिजमध्ये पाच-सहा महिने आरामात जातो. बाहेर ठेवायचा किंवा कुणाला पाठवायचा असेल तर अंदाजावर जाऊ नका, पीएच मीटर घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, वापरण्याआधी 4 आणि 7 च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) सेट करायचा. कागदी पट्ट्यांवर लाल सॉसचा रंग चढतो, नीट वाचताच येत नाही.

वरवंटा (सांगली)

एवढं मोजमाप कशाला गं पोरींनो. आम्ही जन्मभर मिरचीचा खर्डा, लोणची केली, वर बोटभर तेल, बरणीला दादरा, वर्ष वर्ष हलत नाही. सासूबाई बरोबर सांगतायत. तेल असलं की हवा लागत नाही आणि हवा नाही लागली की बुरशी नाही. भाजलेली मिरची, भाजलेला लसूण, मीठ, पाट्यावर वाटायचं आणि वर गार केलेलं तेल सोडायचं. व्हिनेगरने मिरचीची चव मरते असं माझं स्पष्ट मत आहे.

आंबटगोड (पुणे)

काकू, तुमच्या लोणच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, ते टिकतं आणि टिकणारच. पण ते टिकतं कैरीच्या आणि लिंबाच्या आंबटपणावर, भरपूर मिठावर आणि फोडी आधी मिठात मुरवून पाणी काढून टाकतो त्यावर. तेल फक्त वरची बुरशी अडवतं. खर्ड्याचं म्हणाल तर तो आपण आठ दिवसांत संपवतो, म्हणून त्याला काही होत नाही.

भाजलेली मिरची आणि लसूण, आंबट काहीच नाही, मीठ चवीपुरतं आणि वर तेल, हे ओट्यावर ठेवणं खरंच धोक्याचं आहे. हवा लागत नाही म्हणून बुरशी येत नाही हे अगदी बरोबर, पण बोटुलिझमच्या जंतूला हवा नसलेलीच जागा हवी असते. 1985 साली कॅनडात व्हँकुव्हरला तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर राहिला आणि त्यातून 36 जणांना बोटुलिझम झाला. तेव्हा तेलातला करायचाच असेल तर थोडा करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. चवीला तो अप्रतिमच लागतो, भाकरीबरोबर तर विचारू नका, फक्त पार्सल करून बहिणीकडे पाठवू नका.

वरवंटा (सांगली)

लोणच्यातल्या आंबटाचं पटलं. माझी आई कैरी नसेल तेव्हा मिरचीच्या लोणच्यात लिंबू पिळल्याशिवाय बरणी भरायची नाही, मग त्याचं कारण हेच असणार. बरं झालं सांगितलंस बाळा.

मेस्कीट (डॅलस)

मी टेक्सासमध्ये असतो, इकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या हॅच भागातल्या मिरच्या येतात आणि दुकानांच्या बाहेरच जाळीच्या मोठ्या फिरत्या पिंपात घालून खालून गॅसची ज्योत सोडून भाजून देतात, पार्किंगमध्ये उतरलो की तो वास येतो आणि गावाकडची हुरडा पार्टी आठवते. लोक पोतंभर भाजून घेतात आणि सालीसकट फ्रीजर बॅगमध्ये भरून ठेवतात, साल वापरताना काढतात. ताई तुम्हाला पण हेच सुचवेन, किलोभर मिरच्यांचा एकदम सॉस करण्यापेक्षा थोड्या भाजून फ्रीज करा, सीझन संपला तरी ताजा सॉस करता येतो.

दुसरं म्हणजे आंबवायचा विचार केलाय का? टॅबॅस्को 1868 पासून लुईझियानात एव्हरी आयलंडला करतात, तो भाजलेल्या मिरचीचा नाही, कच्च्या मिरच्या मिठाबरोबर चेचून ओकच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवतात आणि शेवटी व्हिनेगर. घरी इतकं थांबायची गरज नाही पण आंबवलेल्याची खोली नुसत्या व्हिनेगरला येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, मिरची भाजली की तिच्यावरचे लॅक्टिक (आंबवणारे) जंतू मरतात, त्यामुळे भाजलेल्या मिरच्या मिठात ठेवून आपोआप आंबतील अशी वाट बघत बसू नका, नासतील. मी निम्म्या मिरच्या कच्च्या वाटतो, वजनाच्या 3 टक्के मीठ, म्हणजे अर्ध्या किलोला 15 ग्रॅम, काचेच्या बरणीत दाबून भरतो, वर मिठाच्या पाण्याची पिशवी ठेवतो म्हणजे मिरची वर तरंगत नाही. रोज झाकण किंचित सैल करून गॅस सोडायचा. आठ-दहा दिवसांत छान आंबूस वास येतो, तुमच्याकडे उकाडा असेल तर आधीच. मग उरलेल्या निम्म्या मिरच्या भाजून त्यात घालायच्या, व्हिनेगर घालून वाटायचं, उकळायचं. धूर पण मिळतो आणि आंबूसपणा पण. वर पातळ पांढरी साय आली तर ती यीस्टची असते, काढून टाका, पण केसाळ, हिरवी, काळी काही दिसली तर सगळी बरणी फेका, वरचं वरचं काढून वापरू नका.

रानफूल (नाशिक)

काय सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. आंबवलेल्याचं वाचून रंजकाच आठवला, तो पण लिंबू आणि मीठ घालून मुरतोच की. मी आता अर्धा किलोचा आंबटगोड यांच्या मापाने करते, पाठवायच्या बाटल्या पीएच मीटर आल्यावरच भरेन.

तीनच शंका उरल्यात. व्हिनेगरच्या जागी सगळं लिंबू घातलं तर? सॉस तळाला बसून वर पाणी येतं त्याला काय करायचं? आणि गाळून घेतला तर जो चोथा उरेल तो टाकून द्यायचा का, जिवावर येतं.

आंबटगोड (पुणे)

लिंबू चालतं, त्याचा रस व्हिनेगरपेक्षा कमी आंबट नसतो, तेवढाच पाव लिटर घ्या. पण उकळला की कडवटपणा येतो आणि ताजेपणा जातो, म्हणून गॅस बंद केल्यावर घाला आणि तो सॉस फ्रिजमध्येच ठेवून दीड-दोन महिन्यांत संपवा. पाठवायच्या बाटल्यांना व्हिनेगरच बरं. किंवा निम्मं निम्मं करा, सासूबाईंना वास जाणवणार नाही.

पाणी वेगळं होणं हा दोष नाही, बाटली हलवून घ्यायची. फारच खटकत असेल तर झँथन गम (सॉस दाट ठेवणारी पूड) आणा, पाऊण किलो सॉसला एक ग्रॅम पुरतो, मिक्सर फिरत असताना वरून चिमूट चिमूट भुरभुरवायचा, एकदम टाकला तर गुठळ्या होतात. जास्त घालू नका, बुळबुळीत लागतो.

पथारीवाला (नंदुरबार)

चोथा टाकायचा प्रश्नच नाही ताई. ताटात पातळ पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवा, ऊन नसेल तर ओव्हनमध्ये अगदी मंद. पूर्ण कुरकुरीत झाला पाहिजे, जरा जरी ओल राहिली तर बुरशी धरतो. मग खडे मीठ आणि थोडे भाजलेले जिरे घालून मिक्सरला फिरवा. आंबट, तिखट, धुरकट असं मीठ तयार होतं. पेरू, काकडी, उकडलेलं मक्याचं कणीस, कशावरही घाला. आणि वाटताना नाकाला रुमाल बांधा, ती पूड ओल्या मिरचीपेक्षा जास्त चढते. मिरच्या हाताळण्याआधी हाताला थोडं तेल चोळा, नंतर साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने हाताची आग जात नाही.