मदत हवी आहे: सुईका गेममध्ये कलिंगड काही होत नाही

मंडळी, सुईका गेम कुणी खेळतं का? तोच व्हिडिओ गेम, वरून डब्यात फळं टाकायची आणि सारखी दोन फळं चिकटली की पुढचं मोठं फळ होतं तो. माझा स्कोअर २२००च्या आसपास अडकलाय. चेरीपासून कलिंगडापर्यंत ११ फळं, पण वरून टाकायला पहिली ५च मिळतात. अननसापर्यंत पोचते, मग घोळ.

काल डावीकडे एक अननस, उजवीकडे दुसरा, आणि मधे नाशपाती ठाण मांडून. तिच्याखाली एक चिमुकली चेरी तळाशी रुतलेली. ती काही केल्या निघेना!

मोठं फळ कोपऱ्यात, बाकीची उतरत्या क्रमाने शेजारी, एवढं मलाही कळतं. पण एक जोडी जुळली की धक्क्याने सगळी रांग विस्कटते. भाची म्हणते, "मावशी, तू घाई करतेस." घाई कसली, इथे वेळेचं बंधनच नाही.

तर जाणकारांनो, रुतलेली चेरी सोडवायची कशी? भिंतीला घासून फळ टाकल्यास ती खाली सरकते का? आणि पुढचं फळ आधी दिसतं, त्याचा तुम्ही नेमका कसा उपयोग करता?