मेनोरा की हिलेल? ज्यू विद्यार्थ्यांचं मंडळ अभ्यासासाठी असावं की एकत्र जेवण्यासाठी?

नदीकाठ

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात पीएचडी करत होतो, तेव्हा लॅबमधला मित्र मला दर शुक्रवारी ज्यू विद्यार्थ्यांच्या मंडळात जेवायला न्यायचा. सूर्य मावळायच्या आत मेणबत्त्या लागायच्या. वेणी घातलेल्या, 'हल्ला' नावाच्या पावावरचं कापड उचललं जायचं, मीठ लावून तुकडे हातोहात फिरायचे. शंभर पानं सहज उठत. मंगळवारी रात्री त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर तालमूदचा, म्हणजे ज्यू धर्मनियम आणि त्यांवरच्या वादांच्या ग्रंथाचा, वर्ग असे. तिथे आम्ही चौघं, आणि त्यातला एक मी, बाहेरचा.

ही खंत वीस वर्षं मनात आहे, म्हणून इथे मांडतोय. विद्यार्थ्यांच्या मंडळाचं पहिलं काम अभ्यास, जेवण त्याच्यानंतर.

असं एक मंडळ खरोखर होऊन गेलं. १९०६ मध्ये हार्वर्डच्या काही ज्यू विद्यार्थ्यांनी मेनोरा सोसायटी काढली. मेनोरा म्हणजे यरुशलेमच्या मंदिरातला सात फांद्यांचा दीप. त्यांचा म्होरक्या हेन्री हुर्विट्झ. हे प्रार्थनामंडळ नव्हतं, मदतनिधी नव्हता, कुठल्या पक्षाची शाखाही नव्हती. ज्यू संस्कृतीचा आणि विचाराचा अभ्यास एवढंच काम, आणि सभासद कुणीही व्हावं. हीब्रू परंपरा ही ग्रीक आणि लॅटिनच्या बरोबरीने विद्यापीठात शिकण्याची गोष्ट आहे, असं ही विशीतली पोरं ठामपणे म्हणत होती. त्यांच्यासोबत होरेस कॅलन हा तत्त्वज्ञ होता. देश म्हणजे सगळं वितळवून एकजीव करणारी भट्टी नव्हे, वेगवेगळ्या समाजांनी आपापली ओळख राखून एकत्र नांदावं, हा विचार त्याने पुढे १९१५ मध्ये सविस्तर मांडला. त्याच वर्षी 'मेनोरा जर्नल' निघालं आणि पहिल्या अंकात नामांकित वकील लुई ब्रँडाइस यांनी सुशिक्षित ज्यूंना साद घातली. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पुढे मोठा समीक्षक झालेल्या लायोनेल ट्रिलिंगची पहिली कथा या जर्नलनेच १९२५ मध्ये छापली, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता.

मग १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हिलेल हे ज्यू विद्यार्थ्यांचं दुसरं मंडळ सुरू झालं. तिथे रब्बी म्हणजे धर्मगुरू आला, प्रार्थना आली, सण आले, स्वयंपाकघर आलं. आज अमेरिकेत ज्यू विद्यार्थी मंडळ म्हटलं की लोकांना हिलेलच आठवतं, मेनोरा कुणाला माहीत नाही. माझ्या मते हे नुकसान आहे. तुम्हाला काय वाटतं?

ठाणेकर

नदीकाठ, तुमची तळमळ कळते, पण मला हे अजिबात पटलेलं नाही. मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू आहे, म्हणून जरा घरातलं सांगते.

आमचे पूर्वज कोकणात शेकडो वर्षं राहिले. त्यांच्याकडे तालमूद नव्हता. रब्बी नव्हता. हीब्रूतली एक शमा प्रार्थना तेवढी तोंडात राहिली होती. तरी ते ज्यू राहिले, ते कशावर? शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. खवल्यांचाच मासा खायचा. मुलाची सुंता आठव्या दिवशी. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन मलिदा करायचा, म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वर फळं. हे सगळं चुलीपाशी टिकलं. पुस्तकं खूप नंतर आली.

तुम्ही ज्याला नुसतं जेवण म्हणता, त्याच्यावर एक अख्खा समाज तगला आहे. घरापासून हजार मैलांवर आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी "ये, बस" म्हणणं ही छोटी गोष्ट नाही. तो शंभरांतला एक असेल आणि मंगळवारी वर येत नसेल, तर त्याच्यावर रागावू नका.

पेन्सिल

मी नदीकाठ यांच्या बाजूने, पण थोड्या वेगळ्या कारणाने.

तालमूदचं पान कुणी पाहिलंय का इथे? मूळ मजकूर मधोमध, त्याच्या एका अंगाला राशी नावाच्या पंडिताची टीका, अकराव्या शतकातल्या फ्रान्समधली. दुसऱ्या अंगाला तोसाफोत, म्हणजे पुढच्या पंडितांच्या टिपा, ते लिहिणाऱ्यांत राशीचे सख्खे नातूही होते. आणि नातू आजोबांना त्याच पानावर, अगदी मान राखून, खोडून काढतात. अभ्यास जोडीने करायचा, त्या जोडीला हेव्रुता म्हणतात. मोठ्याने वाचायचं आणि जोडीदाराचं म्हणणं कुठे लंगडं पडतं ते त्याला तोंडावर सांगायचं. ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी बघत वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा तो गलका ऐकून वाटतं, इथे भांडण लागलंय.

ही शिस्त पंगतीत शिकता येत नाही. पंगतीत सगळे एकमेकांना धरून असतात, कुणी कुणाला खोडत नाही. विद्यापीठात येऊन मुलं ही परंपरा न शिकता गेली, तर घरची चव तेवढी त्यांच्याजवळ राहील आणि वाद घालायची रीत विसरली जाईल.

बोस्टनकर

इतिहासाचा एक भाग मूळ लेखात सुटलाय, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे.

मेनोराच्या मुलांची एक श्रद्धा होती. आपला वारसा अभ्यासाच्या भाषेत नीट मांडला की विद्यापीठ आपल्याला बरोबरीने वागवेल. मग काय झालं? १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचं ठरवलं. तेव्हा ज्यू मुलं एक पंचमांशाच्या आसपास होती, त्यांना ती पंधरा टक्क्यांवर आणायची होती. प्राध्यापकांच्या समितीने उघड कोटा नाकारला. पण पुढे 'स्वभाव' पाहून आणि देशाच्या दूरदूरच्या भागांतून मुलं घेण्याच्या नावाखाली तीच गोष्ट साधली गेली. ज्या मंडळाने अशी व्याख्यानं भरवली, असं जर्नल काढलं, त्याच्या जन्मगावी हे घडलं.

हिलेल नेमकं त्याच सुमाराला का रुजलं, हे मग कळतं. मान मिळवायला व्याख्यान पुरतं, पण मान नाकारला गेला तर रात्री जायला एक घर लागतं. आणि एक राहिलंच: इलिनॉयमधल्या ज्यू मुलांना स्वतःच्या धर्माची काही माहिती नाही, हे बघून अस्वस्थ होऊन या कामाचा पाठपुरावा करणारा प्राध्यापक चॉन्सी बाल्डविन स्वतः ख्रिश्चन होता, बायबल शिकवायचा. त्याला काळजी वाटली ती अज्ञानाची. म्हणजे हिलेलच्या मुळाशीही अभ्यासच आहे.

नदीकाठ

बोस्टनकर, लॉवेलचा मुद्दा मान्य. तो लिहायला हवा होता.

पण ठाणेकर, तुमच्याच इतिहासातून तुम्हाला उत्तर देतो. चुलीने टिकवलं, खरंच. पण पुढे काय घडलं? एकोणिसाव्या शतकात मुंबईत बेने इस्रायल तरुणांनी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, मराठी साकी-दिंडीत, टाळ-मृदंगासह. पुण्यात १८७४ मध्ये हागादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री जेवताना वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी शाळा काढली, समाजाचा इतिहास लिहिला. जे चुलीपाशी होतं ते त्यांनी समजून घ्यायचं ठरवलं. हे सगळं मला मेनोराच्याच जातीचं वाटतं, आणि तेही हार्वर्डच्या आधीचं.

चिंचगूळ

मी सध्या अमेरिकेतच शिकतेय. मी ज्यू नाही, पण माझी रूममेट ज्यू आहे. इथे प्रश्न चूल की पुस्तक असा राहिलेलाच नाही. प्रश्न आहे की मंडळात बोलायला कुणाला बोलवायचं आणि ते कुणी ठरवायचं.

हिलेलच्या मध्यवर्ती संस्थेचे इस्रायलविषयी नियम आहेत. इस्रायलचं अस्तित्व नाकारणाऱ्या किंवा इस्रायलवरच्या बहिष्काराला पाठिंबा देणाऱ्या वक्त्यांना आणि गटांना व्यासपीठ द्यायचं नाही. २०१३ मध्ये स्वार्थमोर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी जाहीर केलं की आम्ही हे पाळणार नाही. २०१५ मध्ये त्यांनी हिलेल हे नावच सोडलं आणि केहिला घेतलं, म्हणजे समुदाय. घराला घरमालक असतो, देणगीदार असतात, आणि कुणाला आत घ्यायचं ते तेच ठरवतात. मेनोरात झायनिस्ट, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणारे, आणि झायनिझम न मानणारे एकाच बाकावर बसत. त्या बाबतीत मी नदीकाठ यांच्याबरोबर आहे.

ठाणेकर

चिंचगूळ, तुझ्या रूममेटला विचारून बघ, ऑक्टोबर २०२३ मधल्या हमासच्या हल्ल्यानंतर तिला आधी काय हवं होतं, खुलं व्यासपीठ की मागून दार लावता येईल अशी एक खोली. माझी भाची तेव्हा तिथे होती. ती वाद घालणारी पोरगी आहे, घरात कुणाचं ऐकत नाही. पण त्या दिवसांत ती म्हणाली, मावशी, मला आठवड्यातून एक संध्याकाळ अशी हवी की जिथे मला काहीच सिद्ध करावं लागणार नाही.

चिंचगूळ

विचारलं. ती म्हणाली, दोन्ही. आणि तिला ज्या खोलीत बसायचं होतं, तिथेच तिच्या मैत्रिणीला गाझाबद्दल बोलू दिलं नाही, म्हणून ती मैत्रीण आता येत नाही. ताई, तुमच्या भाचीचं दुःख मी कमी लेखत नाही. पण दार लावलं की बाहेर राहणारीही ज्यूच असते.

पेन्सिल

या संस्थेचं नाव ज्याच्यावरून आहे त्या हिलेलबद्दल तालमूदमध्येच एक गोष्ट आहे, ती इथे सांगायलाच हवी. हिलेल आणि शम्माई या दोन प्राचीन गुरूंच्या शिष्यांचा तीन वर्षं वाद चालला. शेवटी आकाशवाणी झाली, हेही आणि तेही जिवंत देवाचेच शब्द, पण आचार हिलेलप्रमाणे. का? तर ते मृदू होते, आणि स्वतःचं म्हणणं सांगण्याआधी समोरच्याचं सांगत. या नावाखाली एखाद्याला बोलूच न देणं मला तरी बसत नाही.

आणि मंडळ जेवण आणि अभ्यास दोन्ही कसं करतं, त्याचा नमुना शिकागो विद्यापीठात आहे. तिथे १९४६ पासून हिलेलतर्फे लाटके विरुद्ध हामानताश असा वाद होतो. लाटके म्हणजे हनुक्का सणाचा बटाट्याचा तळलेला पोळा, हामानताश म्हणजे पुरीम सणाची तिकोनी, सारण भरलेली करंजी. प्राध्यापक पदवीदानाचे झगे घालून आपापल्या शास्त्राच्या आधारे एकेकाची बाजू लढवतात. मिल्टन फ्रीडमन, मार्था नुसबॉम अशी माणसं तिथे बोलली आहेत. निकाल लागत नाही, मग सगळे दोन्ही खातात. युद्ध नुकतंच संपलं होतं, युरोपातले ज्यू मारले गेल्याच्या बातम्या ताज्या होत्या, अनेक ज्यू प्राध्यापक आपलं ज्यूपण वर्गाबाहेर ठेवत होते. त्या वर्षी तीन माणसांनी हे सुरू केलं, एक रब्बी, एक इतिहासकार, एक मानववंशशास्त्रज्ञ. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

नदीकाठ

हे वाचून माझं "जेवण नंतर" हे वाक्य मी मागे घेतो. "अभ्यास पहिला" हे मात्र घेणार नाही. ते चौघांचे मंगळवार नसते, तर शुक्रवारी पावावर कापड का घालतात हे मला कधीच कळलं नसतं. वाइनचा आशीर्वाद आधी होतो, तेव्हा पावाला वाईट वाटू नये म्हणून, असं मला तिथे सांगितलं.

ठाणेकर, एक विचारायचं होतं. १८७४ च्या त्या पुणे हागादेत नऊवारी नेसलेल्या बायका मात्सा, म्हणजे वल्हांडणाची बिनखमिराची भाकरी, लाटतानाचं चित्र आहे. तुमच्या घरी ती आहे का?

ठाणेकर

ती नाही. आजीची आहे, नंतरची छपाई, मराठी-हीब्रू. बांधणी सुटलीय. आमच्याकडे वाइनऐवजी काळ्या मनुकांचं शरबत असतं, त्याचे डाग पानापानांवर पडलेत. "आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?" हा घरातल्या सगळ्यात लहान मुलाने विचारायचा प्रश्न, त्या पानावर सगळ्यात जास्त. सगळ्या पोरांनी तिथेच पेला लवंडलेला, मीसुद्धा. फोटो टाकते, पण वल्हांडणाला. ती कपाटातून तेव्हाच निघते, आणि थेट जेवणाच्या टेबलावर जाते.