ईस्टर एग : 'गुप्त फीचर', 'छुपा कोड' की आणखी काही?

अर्धविराम
तंत्रज्ञानाच्या बातम्यांत 'ईस्टर एग'साठी सध्या वाट्टेल ते लिहिलं जातं. 'गुगलचं सीक्रेट फीचर', 'अँड्रॉइडमधला छुपा कोड', 'ही ट्रिक तुम्हाला माहीत आहे का?' आणि कहर म्हणजे 'सर्चमध्ये सापडला मजेशीर बग'. या चारही शब्दांना आपापला अर्थ आहे, आणि ईस्टर एग त्यांतल्या एकातही नीट बसत नाही. तेव्हा नेमकं कशाला ईस्टर एग म्हणायचं, आणि मराठीत त्याला चालेलसा शब्द आहे का? लिंग-वचनाचंही सांगा, 'एग्ज', 'एग्स', 'एगं' असं सगळं वाचायला मिळतं.

शून्यएक
ईस्टर एग सॉफ्टवेअर किंवा खेळ बनवणाऱ्याने त्यात मुद्दाम ठेवलेलं असतं. मदतीच्या पानांवर त्याची नोंद नसते. ठरलेली कृती केली की कुणाच्याही यंत्रावर ते तसंच उघडतं. आणि त्याचा व्यवहारात काडीचा उपयोग नसतो. ही शेवटची अट बातम्या लिहिणारे विसरतात. उपयोग असेल तर ते आडबाजूला ठेवलेलं सेटिंग, ईस्टर एग नव्हे.

अँड्रॉइडमध्ये या दोन्ही गोष्टी जवळजवळ शेजारी आहेत, म्हणून गोंधळही तिथेच जास्त. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा. तिथे 'अँड्रॉइड व्हर्जन' या ओळीवर भराभर टॅप केलं की त्या आवृत्तीचं चित्र किंवा छोटा खेळ उघडतो. नव्या आवृत्त्यांत पहिल्या टॅपला वेगळं पान उघडतं, मग त्या पानावरच्या 'अँड्रॉइड व्हर्जन'वर टॅप करायचं. हे ईस्टर एग. २०१४ च्या लॉलिपॉपमध्ये इथे फ्लॅपी बर्डच्या धर्तीचा खेळ होता, २०१६ च्या नूगटमध्ये मांजरं गोळा करायची होती. 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा टॅप केलं तर मात्र 'डेव्हलपर ऑप्शन्स' सुरू होतात. ते ॲप बनवणाऱ्यांच्या कामाचं साधन आहे, गंमत नाही, आणि त्यातलं काही न समजता चालू-बंद केलं तर फोन विचित्र वागू शकतो. अनेक बातम्यांत पहिल्याचं वर्णन आणि दुसऱ्याची कृती छापलेली असते. वाचक सात वेळा टॅप करून मांजराची वाट बघत बसतो.

टॅप करून काहीच झालं नाही तर तीन कारणं संभवतात : टॅप फार सावकाश केले, ओळ चुकली, किंवा फोन बनवणाऱ्या कंपनीने ते पान आपल्या पद्धतीने बदललं आहे.

टिंब
आणि *#०६#? तोही दर महिन्याला 'गुप्त कोड' म्हणून फिरतो.

शून्यएक
तो ईस्टर एग नाही आणि गुप्त तर नाहीच. फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख-क्रमांक, दाखवणारा तो प्रमाणित कोड आहे. तारका आणि चौकटचिन्हांचे बाकीचे कोड हे बहुतेक दुरुस्ती-तपासणीचे सेवा-कोड असतात, आणि कंपनीगणिक वेगळे. फोन पुसून कोरा करणारेही त्यांत असतात, म्हणून 'करून बघा' असं लिहिणाऱ्याने आधी विचार करावा.

खिळेजुळाऱ्या
आता मराठीकडे. 'गुप्त' मला अजिबात पटत नाही. गुप्त गोष्ट फुटली की कुणाचं तरी बिघडतं. इथे उलट, ती कुणाला तरी सापडावी म्हणूनच ठेवलेली. 'छुपा'ची संगत आणखी वाईट : छुपा कॅमेरा, छुपा अजेंडा, छुपे शुल्क. छुपा रुस्तम तेवढा बरा निघाला.

टिंब
'मेख' कसा? ग्यानबाची मेख आयती आहे.

खिळेजुळाऱ्या
मेख म्हणजे गोम, अडचण. 'ॲप फुकट आहे, मेख एवढीच की तिसऱ्या दिवसापासून पैसे कापतात.' वापराच्या अटींमधल्या बारीक अक्षरांत मेख असते. पडदा गोल फिरवून हसवणाऱ्या गोष्टीला मेख म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

माझा कौल 'लपवलेली गंमत'ला. 'लपलेली' नव्हे, 'लपवलेली'. बग म्हणजे नकळत राहिलेली चूक, तो लपलेला असतो; ईस्टर एग लपवलेलं असतं; एका 'व'मध्ये हेतू येतो. अर्धविरामांनी दिलेल्या चौथ्या मथळ्याची चूक तिथेच आहे. 'दडवलेली' मात्र नको. माहिती दडवली, उत्पन्न दडवलं, डेटा फुटल्याचं दडवलं. दडवणाऱ्याच्या मनात खोट असते.

क्रियापद 'पेरणे' वापरून बघा : 'प्रोग्रामरने खेळात स्वतःचं नाव पेरलं.' भाषणात विनोद पेरतात तसंच. आणि सापडण्याच्या बाजूने 'सापडलं' किंवा 'शोधून काढलं' लिहावं. 'चाहत्याने ईस्टर एगचा शोध लावला' हे वाचून त्याने ते घडवलंच असं वाटतं.

अर्धविराम
'लपवलेली गंमत' आवडलं. पण मूळ नाव आलं कुठून? ईस्टरला अंडी लपवून मुलांना शोधायला लावतात, एवढं ठाऊक आहे. सॉफ्टवेअरला ते कसं चिकटलं?

शून्यएक
अटारी या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीतून. त्या काळी खेळांवर प्रोग्रामरचं नाव छापायचं नाही असं अटारीचं धोरण होतं. वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर' या खेळात एक कोठडी लपवली आणि तिच्यात आपलं नाव लिहिलं. तिथे पोचायची वाट अशी : काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात, पुलाच्या मदतीनेच गाठता येईल अशा जागी, पार्श्वभूमीच्याच रंगाचा जेमतेम एका पिक्सेलचा ठिपका आहे. तो उचलून सोनेरी किल्ल्याखालच्या खोलीत न्यायचा, शिवाय आणखी दोन वस्तू तिथे आणून टाकायच्या. एका वेळी इतकं चितारणं त्या यंत्राला झेपत नाही, चित्र लुकलुकायला लागतं आणि भिंतीतून पलीकडे जाता येतं. म्हणजे यंत्राची मर्यादाच किल्ली म्हणून वापरली!

१९८० मध्ये एका किशोरवयीन खेळाडूने ते शोधून कंपनीला पत्र लिहिलं. तोवर रॉबिनेट कंपनी सोडून गेले होते. काढून टाकायचं तर नवा रॉम, म्हणजे खेळ साठवलेली चिप, बनवण्याचा खर्च. तेव्हा सॉफ्टवेअर विभागाचे स्टीव्ह राइट यांनी ते राहू द्यायचं ठरवलं आणि त्याला ईस्टरच्या अंड्यांची उपमा दिली. नाव रुळलं.

म्हणून 'जगातलं पहिलं ईस्टर एग' असं ॲडव्हेंचरबद्दल लिहू नये. 'ज्यावरून नाव पडलं ते' असं लिहावं. अटारीच्याच १९७७ च्या 'स्टारशिप १' या नाणी टाकून खेळायच्या यंत्रात 'हाय रॉन' असा संदेश पेरलेला होता. तो उजेडात आला २०१७ मध्ये.

अर्धविराम
क्रोमचा डायनासोर कुठे बसवायचा? इंटरनेट गेलं की तो समोरच असतो. लपवलेलं काय आहे त्यात?

शून्यएक
डायनासोर समोर असतो, पण स्पेसबार दाबला की खेळ सुरू होतो हे इंटरनेट गेल्यावरच्या त्या पानावर लिहिलेलं नसतं. लपवलाय तो खेळ. २०१४ पासून आहे. इंटरनेट चालू असतानाही खेळायचा तर अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि डायनो, हे सलग रोमनमध्ये लिहून एंटर. फोनवर डायनासोरला टॅप करायचं. कार्यालयाच्या किंवा शाळेच्या संगणकावर तो चालला नाही तर समजावं की प्रशासकाने बंद केलाय. त्यासाठी क्रोममध्ये वेगळं धोरण आहे आणि त्या धोरणाचं नावच 'अलाउ डायनासोर ईस्टर एग'. गुगलच त्याला तसं म्हणतं, तेव्हा आपण खुशाल म्हणावं.

अवघड जागा वेगळीच आहे : कोनामी कोड, म्हणजे कोनामी कंपनीच्या खेळांतला बटणं दाबायचा ठरलेला क्रम. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. 'ग्रेडियस' हा खेळ १९८६ मध्ये घरगुती यंत्रासाठी आला तेव्हा काझुहिसा हाशिमोतो यांनी तो चाचणीच्या सोयीसाठी घातला होता, कारण खेळ त्यांनाच कठीण जायचा. त्याने खेळाडूला सगळी शस्त्रं मिळतात. म्हणजे उपयोग आहे, म्हणजे तो चीट कोड, खेळ सोपा करणारी पळवाट. पण आज एखाद्या संकेतस्थळावर हाच क्रम दाबला आणि पानभर कागदाचे कपटे उडाले, तर ते कपटे म्हणजे ईस्टर एग. कोड नुसती किल्ली.

टिंब
मग कंपन्यांचे एप्रिल फूल? तेही 'लपवलेली गंमत'च.

खिळेजुळाऱ्या
छे. ती खोडी. गंमत शोधावी लागते, खोडी चालून येते. २०१६ च्या एक एप्रिलला जीमेलने 'सेंड'शेजारी 'माइक ड्रॉप' असं दुसरं बटण ठेवलं. ते दाबलं की पत्राला एक हलतं चित्र चिकटायचं आणि त्यावरची उत्तरं दिसेनाशी व्हायची. लोकांनी कामाच्या पत्रांत ते चुकून दाबलं, तक्रारी आल्या, त्याच दिवशी बटण काढावं लागलं. समोर ठेवलेलं आणि अंगावर आलेलं, म्हणून खोडी. याउलट जीमेल स्वतः २००४ च्या एक एप्रिलला आलं तेव्हा एक जीबी जागा ऐकून अनेकांना ती थाप वाटली होती. ती ना गंमत ना खोडी, साधी घोषणा.

अर्धविराम
मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये पूर्वी विमान उडवायचा खेळ होता ना? आता असलं काही का सापडत नाही?

शून्यएक
एक्सेल ९७. कोऱ्या पानावर एफ५ दाबायचं, 'एक्स९७:एल९७' लिहून एंटर, एकदा टॅब, मग कंट्रोल आणि शिफ्ट धरून चार्ट विझार्डच्या चिन्हावर क्लिक. डोंगराळ मुलखावरून उडता यायचं आणि एका दगडावर बनवणाऱ्यांची नावं सरकत जायची. पुन्हा श्रेयनामावलीच, बघा. २००२ पासून मायक्रोसॉफ्टने 'ट्रस्टवर्दी कम्प्युटिंग' हे धोरण धरलं आणि हे प्रकार थांबवले. कारण रास्त आहे : ज्याची नोंद नाही अशा कोडची चाचणी कोण करणार? एक गंमत आत येऊ शकते तर चोरून आत शिरायचं मागचं दारही येऊ शकतं, अशी शंका ग्राहकाने घेतली तर तिला उत्तर नाही.

खिळेजुळाऱ्या
राहिलं व्याकरण. अंड्यावरून नपुंसकलिंग रुळलंय, तेच ठेवा : 'ते ईस्टर एग सापडलं'. सामान्यरूप करू नका. 'एगमध्ये', 'एगचा', 'एगाचा' नाही. अनेकवचनाला इंग्रजी 'ज' लावायची गरज नाही, 'तीन ईस्टर एग सापडली' पुरेसं आहे. क्रियापद काम करतं. 'मीम्स'चंही तेच. 'ई' दीर्घ. आणि 'ईस्टरचं अंडं' असं भाषांतर नको, वाचक खरोखरचं अंडं शोधेल.

मथळ्यात 'लपवलेली गंमत', मजकुरात पहिल्यांदा 'ईस्टर एग म्हणजे लपवलेली गंमत', पुढे नुसतं 'ईस्टर एग'.

टिंब
'सर्चमध्ये सापडला मजेशीर बग'चं काय करायचं?

अर्धविराम
'अस्क्यू शोधा, पान तिरकं होईल : गुगलमधली लपवलेली गंमत'. खाली एक ओळ : शब्द रोमन लिपीत टाइप करावा, askew.